स्मारकाचं भाडं आणि सासूबाईंचे गुडघे

वाचक लिहितात:

नमस्कार. मी मूळची सांगलीची. नवरा आणि मी काही वर्षं अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅमस्टलव्हेनमध्ये लिफ्ट असलेल्या इमारतीत भाड्याने राहतोय. आजूबाजूला इतके भारतीय आहेत की डच बोलायची वेळच येत नाही. मला पहिल्यापासून अ‍ॅमस्टरडॅमच्या योर्दान भागात राहायचं होतं आणि आता तिथे एक घर मिळतंय. तिसरा मजला, ५२ चौरस मीटर, सतराव्या शतकातली इमारत. भाडं २,२५० युरो, वीज-गॅस वेगळे. एजंट म्हणतो, इमारत राष्ट्रीय स्मारक आहे, त्यामुळे भाड्याच्या गुणांचा नियम इथे लागतच नाही. तीन महिन्यांची अनामत, दोन वर्षांचा करार, एजंटची ४०० युरो फी आणि आधीच्या भाडेकरूचं फ्लोअरिंग व पडदे ३,००० युरोंना घ्यायचे. सोमवारपर्यंत उत्तर हवंय. नवऱ्याच्या ऑफिसातले एक जण म्हणतात, "आत्ता सही करून टाका, मग तक्रार करून भाडं कमी करून घ्या." नवऱ्याला हे पटतंय, मला ही फसवणूक वाटते. त्यात सासू-सासरे एप्रिलमध्ये तीन महिन्यांसाठी येणार आहेत आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. नवरा म्हणतो, "आई घेईल जमवून." मी स्वार्थी आहे का?

उत्तर:

स्वार्थाचं नंतर बघू. सोमवार तोंडावर आलाय, म्हणून आधी एजंटकडे वळते.

स्मारकाला गुणांचा नियम लागत नाही, हे धादांत खोटं आहे. १ जुलै २०२४ पासून नेदरलँड्समध्ये परवडणाऱ्या भाड्याचा नवा कायदा लागू झाला. त्यानंतर झालेल्या करारात घराला किती गुण मिळतात यावर कमाल भाडं ठरतं, आणि १८६ गुणांपर्यंतच्या घरांना ते बंधनकारक आहे. १८७ गुणांपासून पुढे मालक मागेल ते भाडं. नोंदलेलं राष्ट्रीय स्मारक, म्हणजे इथले लोक ज्याला रायक्समोन्युमेंट म्हणतात ते, या मोजणीतून सुटत नाही. त्याच्या मालकाला एवढीच सवलत आहे की गुणांनुसार जे कमाल भाडं निघेल त्यावर ३५ टक्के जास्त लावता येतात. जुनी इमारत सांभाळायला खर्च येतो, म्हणून ही वाढ. पालिकेच्या यादीतलं स्मारक असेल तर १५ टक्के. स्मारक नाही, पण संरक्षित शहरभागातली १९६५ पूर्वीची इमारत आहे, तर ५ टक्के. तेव्हा तुमचा एजंट ज्याला सूट म्हणतोय ती फार तर ३५ टक्क्यांची वाढ आहे, तीही इमारत खरोखर राष्ट्रीय यादीत असली तर. ती यादी इंटरनेटवर खुली आहे. पत्ता टाका आणि पाहून घ्या.

आता तुमच्या घराचं बोलू. गुण मुख्यतः क्षेत्रफळाचे, प्रत्येक चौरस मीटरला एक. म्हणजे ५२ तिथे. मग खोल्यांमधलं हीटिंग, स्वयंपाकघराचा ओटा किती लांब, बाथरूममध्ये काय काय आहे, गच्ची-बाल्कनी असली तर ती, आणि पालिकेने ठरवलेली घराची किंमत, जिला सगळे वोझ म्हणतात. शहराच्या मध्यभागी ही किंमत भरमसाट असते आणि मालकांचा सगळा भरवसा तिच्यावरच. पण तिलाही वेसण आहे: एकूण गुण १८७ किंवा वर जाऊ लागले की वोझच्या गुणांचा वाटा साधारण एक तृतीयांशावर कापला जातो. राहिलेले दोन तृतीयांश घराने स्वतःच्या अंगाने मिळवायचे. ५२ चौरस मीटरच्या, जुन्या खिडक्यांच्या घराला ते फार जड जातं. २०२५ च्या तक्त्यात १८६ गुणांच्या घराचं कमाल भाडं सुमारे १,१८५ युरो होतं. वर ३५ टक्के धरले तरी १,६०० च्या आसपास येतं. तक्ता दर जानेवारीला बदलतो, आकडे थोडे पुढे सरकतात, पण २,२५० पर्यंत नाही पोचत.

मी घर पाहिलेलं नाही, त्यामुळे शेवटचा आकडा मी सांगणार नाही. तो मालकाने सांगायचा आहे, आणि कायद्यानेच सांगायचा आहे: १ जानेवारी २०२५ पासून नव्या करारासोबत गुणांची मोजणी जोडणं मालकावर बंधनकारक आहे. एजंटकडे ती मागा. लेखी मागा. त्याने "तसं आम्ही देत नाही" म्हटलं की तुम्हाला जे कळायचं ते कळलं. ह्यूरकमिसी, म्हणजे भाड्याचे वाद सोडवणारी सरकारी समिती, तिच्या साइटवर मोजणीचं साधन आहे. टेप घेऊन घर एकदा नीट पाहिलं असेल तर रविवारी दुपारी चहा पिता पिता तुम्ही स्वतः जवळपासचा आकडा काढू शकता. घराची वोझ किंमतही पत्ता टाकून कुणालाही पाहता येते.

बाकीच्या अटी भराभर सांगते, कारण त्यांत वाद घालण्यासारखं काही नाहीच. अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी, जुलै २०२३ पासून हा कायदा आहे. तीन महिन्यांची मागणी बेकायदा. एजंट मालकासाठी काम करत असेल तर त्याची फी मालकाने द्यायची. मालकाच्या जाहिरातीवरून तुम्ही घर पाहायला गेलात, तर ते ४०० युरो कुठल्याही नावाने तुमच्याकडून घेता येत नाहीत, मग त्याला "कराराचा खर्च" म्हणा की "प्रशासकीय शुल्क". दोन वर्षांच्या करारालाही आता ठरावीक कारण लागतं. जुलै २०२४ पासून बेमुदत करार हाच नियम आहे आणि अपवाद मोजके: बाहेरगावचा विद्यार्थी, परदेशी गेलेला मालक ठरावीक काळाने स्वतःच्या घरात परत येणार, असे. मालकाचं कारण काय ते करारात लिहून मागा. कारण नसेल तर कागदावर दोन वर्षं लिहिली तरी करार कायमचाच धरला जातो.

एवढ्या अटी एकाच घरात एकदम चुकीच्या असतील, तर तो योगायोग नव्हे. परदेशी माणूस दिसला की दोन-चार गोष्टी त्याच्या गळ्यात मारून बघायच्या, हा इथल्या काही एजंटांचा धंदाच झालाय.

फ्लोअरिंगबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडून आलेल्या माणसाला हा प्रकार कल्पनेतही येत नाही. इथे घर "रिकामं" मिळालं म्हणजे कधी कधी पायाखाली नुसता काँक्रीटचा किंवा लाकडी फळ्यांचा तळ असतो. लॅमिनेट, गालिचा, पडदे, कधी दिव्यांचे होल्डरसुद्धा आधीचा भाडेकरू घेऊन जातो, कारण ते त्याने विकत घेतलेले असतात. म्हणून निघताना तो ते पुढच्याला विकायला बघतो. हा सौदा तुमचा आणि त्याचा. मालक किंवा एजंट त्याची सक्ती करू शकत नाही, आणि किंमत वस्तूच्या मानाने अवाच्या सवा असेल तर ती देण्याची अटही टिकत नाही. त्याला विचारा: लॅमिनेट कधी टाकलं, पावती आहे का, खाली आवाज अडवणारा थर आहे का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. लाकडी तळाच्या जुन्या घरात तो थर नसेल तर तुमच्या सकाळच्या मिक्सरपासून चपलांपर्यंत सगळं खालच्या मजल्यावर ऐकू जातं. ५२ चौरस मीटरच्या वापरलेल्या लॅमिनेटला आणि पडद्यांना ३,००० मला तरी फार वाटतात. "नको, तुम्ही काढून न्या" असं म्हणून बघा. काढून नेण्याचा खटाटोप कुणालाच नको असतो, किंमत आपोआप खाली येते.

आता नवऱ्याच्या ऑफिसातल्या त्या हितचिंतकाकडे येऊ. तुम्हाला ही फसवणूक वाटते, ते मला समजतं. शब्द दिला, सही केली, मग उलटायचं, हे आपल्या संस्कारात बसत नाही. पण मला ती फसवणूक वाटत नाही. इथे मालक व्यावसायिक आहे, नियम त्याला ठाऊक असायला हवेत, आणि बेकायदा भाडं लावणारा तो आहे. भाडेकरू अडलेला असतो, घासाघीस करायला त्याच्या हातात काही नसतं, म्हणून तर सही झाल्यानंतर दाद मागायची सोय कायद्याने ठेवली. करार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ह्यूरकमिसीकडे गेलात तर सुरुवातीपासूनचं भाडं तपासलं जातं. अर्जाला २५ युरो पडतात, निकाल तुमच्या बाजूने लागला तर तेही परत. त्या रागापोटी मालक तुम्हाला घराबाहेर काढू शकत नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये वोन नावाची संस्था या कामात फुकट मदत करते. त्यांची माणसं घरी येऊन गुण मोजून देतात.

पण त्या हितचिंतकाने एक बाजू सांगितली नाही, बहुधा त्यालाच माहीत नसेल. अ‍ॅमस्टरडॅममध्ये कमी आणि मध्यम भाड्याच्या घरात राहायला पालिकेचा परवाना लागतो आणि त्याला उत्पन्नाची कमाल मर्यादा आहे. तुम्ही दोघंही नोकरी करत असाल आणि दोन पगारांची बेरीज त्या मर्यादेपुढे जात असेल, तर घर १८६ गुणांच्या आत आहे हे सिद्ध करून तुम्ही स्वतःच्याच पायाखालची फळी काढाल. भाडं कमी होईल आणि त्या घरात राहायला आपण पात्रच नव्हतो असं निघेल. म्हणून सही करण्याआधी पालिकेच्या साइटवर यंदाची मर्यादा बघा, आपल्या मागच्या वर्षीच्या उत्पन्नाशी ताडून बघा. मर्यादेत बसत असाल तर मार्ग सरळ आहे, परवाना आधीच मागायला लावा. बसत नसाल तर हे घर तुमच्यासाठी नाही, १,६०० ला नाही आणि २,२५० लाही नाही. मग तुम्ही शोधायचं ते १८७ च्या वरचं घर, त्याला वेगळा खिसा लागतो.

हे झालं कागदाचं. घर म्हणून ते कसं आहे, त्याबद्दल तुम्ही पत्रात एक शब्द लिहिला नाहीत. फक्त शतक लिहिलंत. प्रेमात पडलेली माणसं असंच लिहितात.

तर जिना. पुण्याच्या पेठेतल्या जुन्या वाड्याचा जिना आठवा, त्याची रुंदी निम्मी करा आणि तो वळवत वळवत तीन मजले न्या. योर्दानमधल्या बऱ्याच घरांत पायरीवर पूर्ण पाऊल मावत नाही, पुढचा अर्धा भाग टेकतो. चढताना पुढे वाकावं लागतं, उतरताना बरेच जण पाठमोरे उतरतात, एक हात भिंतीला किंवा कठड्याऐवजी लावलेल्या दोराला. वरच्या मजल्यावरून रस्त्याचं दार उघडायला आणखी एक दोर असतो, तो ओढला की खाली कडी सरकते. पहिल्या दिवशी याची गंमत वाटते. दहा किलोचं पीठ घेऊन चढताना वाटत नाही. फ्रिज, पलंग, सोफा या जिन्याने जातच नाहीत. म्हणून दर्शनी भिंतीच्या टोकाला आकडा बसवलेली तुळई असते आणि सामान खिडकीतून वर ओढतात. इमारती रस्त्याकडे किंचित झुकलेल्या दिसतात, त्यांतल्या कित्येक मुद्दाम तशा बांधल्या, ओढताना सामान भिंतीला घासू नये म्हणून. पण आपल्या इमारतीचा आकडा अजून वजन घेतो का, हे मालकाला विचारल्याशिवाय त्याला दोर बांधू नका.

बाजूला झुकलेली इमारत मात्र वेगळी गोष्ट. ही घरं लाकडी खांबांवर उभी आहेत, खांब चिखलाच्या थरांतून खालच्या वाळूपर्यंत ठोकलेले. पाण्यात बुडालेलं लाकूड शतकं टिकतं. भूजल खाली गेलं आणि खांबाचं डोकं उघडं पडलं की कुजायला लागतं. योर्दान तर सतराव्या शतकात कामगार, कारागीर आणि बाहेरून आलेल्या निर्वासितांसाठी झटपट उभा केलेला भाग. शेजारच्या श्रीमंत कालव्यांची आखणी कंपास लावून केल्यासारखी, आणि इथल्या गल्ल्या शेतातल्या जुन्या चरांच्या रेषेत तिरक्या. नकाशा पाहिलात तर लगेच दिसेल. पाया दुरुस्त करणं मालकाचं काम, पैसे त्याचे. पण ते काम निघालं तर घर सोडून राहावं लागू शकतं. दारं आपोआप उघडतात का, खिडकीच्या चौकटी तिरप्या झाल्यात का, भिंतीला पायऱ्या-पायऱ्यांचे तडे आहेत का, एवढं बघा आणि पाया नवा केलाय का ते थेट विचारा.

खिडक्यांची काच एकेरी आहे का? स्मारकाच्या खिडक्या परवानगीशिवाय बदलता येत नाहीत, म्हणून कित्येक मालक हात वर करतात. आतून दुसरी काच बसवलेली असेल तर बरं. नसेल तर जानेवारीत सोफा खिडकीपासून लांब सरकवाल आणि गॅसचं बिल पाहून डोळे पांढरे होतील. आधीच्या भाडेकरूकडून त्याचा वर्षाचा गॅस-वापर विचारून घ्या, युरोत नको, घनमीटरमध्ये. फ्लोअरिंगच्या बोलणीत तो सांगेल. स्वयंपाकघरात शेगडीवरचा पंखा धूर बाहेर नेतो की नुसता गाळून परत खोलीत सोडतो, हेही बघा. दुसऱ्या प्रकारचा असेल तर माशाचं कालवण दोन दिवस पडद्यांत राहतं. तेच ३,००० युरोंचे पडदे.

आता सासूबाई. "आई घेईल जमवून" हे वाक्य मी मराठी घरांत इतक्यांदा ऐकलंय की त्याचा मला राग येतो. आई जमवून घेतेच. ती पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर चढेल, आणि मग तीन महिने खिडकीत बसून बाहेरची ट्युलिपं बघेल, कारण खाली उतरायचं म्हणजे पुन्हा चढायचं. सासरे सोबत म्हणून वरच बसतील. तुमच्या लिफ्टच्या इमारतीत त्या रोज खाली जातील, त्यांना बोलायला माणसं मिळतील, अ‍ॅमस्टरडॅमच्या वनात चालायला मऊ रस्ते आहेत आणि एप्रिलच्या सुरुवातीला तिथल्या बागेत चेरी फुलते. त्यांना योर्दान दाखवायचंय ना? अ‍ॅमस्टलव्हेनहून पाच नंबरची ट्राम त्याच्या कडेकडेनेच जाते. शनिवारी घेऊन जा, नोर्डरमार्क्टच्या बाजारात भाजी-चीज बघू द्या, दुपारी परत आणा.

म्हणून माझा सल्ला असा: हे घर, या अटींवर, आत्ता घेऊ नका. आहे ते घर जूनअखेरपर्यंत ठेवा आणि शोध चालू ठेवा. योर्दानचा नाद सोडायची काही गरज नाही. त्या भागात तळमजल्याची, पहिल्या मजल्याचीही घरं निघतात, फक्त ती जाहिरातीत सुंदर दिसत नाहीत म्हणून आपण पुढे सरकतो. हार्लेम आणि लायडनची जुनी गावठाणंही बघा, कालवे तिथेही आहेत.

आणि हो, स्वार्थी. नाही आहात. परक्या देशात येऊन तिथल्या एखाद्या गल्लीत आपलंही घर असावं, खाटकाशी, फुलवाल्याशी त्याच्या भाषेत चार शब्द बोलावेत असं वाटणं, याला मी स्वार्थ म्हणणार नाही. फक्त योर्दान म्हणजे कॅफे आणि खिडकीतली फुलं एवढंच नाही हे माहीत असू द्या. १८८६ मध्ये लिंडनग्राख्ट या तिथल्या रस्त्यावर पोलिसांनी लोकांचा एक दांडगा खेळ बंद पाडला, त्यातून दंगल उसळली आणि २६ माणसं गेली. १९३४ मध्ये बेकारांचा भत्ता कापल्यावर लोक पुन्हा रस्त्यावर उतरले. गरीब, दाटीवाटीची, भांडखोर वस्ती होती ती. पुढे पालिकेला त्यातला बराच भाग पाडायचा होता, रहिवाशांनी तो पाडू दिला नाही. आजही तिथली पुष्कळ घरं गृहनिर्माण संस्थांची आहेत आणि त्यांत जुनी योर्दानवाली म्हातारी मंडळी राहतात. डच शिकायचं असेल तर त्यांच्याइतके मोकळेढाकळे मास्तर मिळणार नाहीत, जरा तिखट असतात इतकंच. त्यांना भाड्याचा कायदाही पाठ असतो. जिन्यात भेटले तर तुमचं भाडं किती हे विचारतील, आणि सांगितलंत तर तुमच्या आधी तेच चिडतील.

सोमवारी एजंटला पाठवायचा मजकूर चार ओळींचा पुरे: गुणांची मोजणी पाठवा, अनामत दोन महिन्यांची करा, मुदतीचं कायदेशीर कारण लिहा, फी आम्ही देणार नाही. खाली "घरात आम्हाला रस आहे" हेही लिहा, खोटं नाहीच ते. उत्तर आलं नाही किंवा घर दुसऱ्याला गेलं तर जाऊ द्या. उत्तर येईपर्यंत एक पैसाही पाठवू नका, जागा "धरून ठेवायला" म्हणूनसुद्धा नाही. आणि जिन्याचा एक व्हिडिओ काढून सांगलीला पाठवायला नवऱ्याला सांगा. आईला फोनही त्यानेच करायचा.